जाड पायांची अक्षरे आणि त्यांनी करायचे काम

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडून घेतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर ती इथेच लक्षात येईल. कोल्हापुरात तुमची चामड्याच्या पिशव्या, पाकिटे आणि कमरपट्टे बनवण्याची छोटी कार्यशाळा आहे, आणि आता प्रथमच स्वतःचे दुकान उघडत आहात. नावासाठी तुम्हाला जुन्या अमेरिकी जाहिरातपत्रकांवर दिसतात तशी जाड, ठोकळ्यासारख्या पायांची रोमन अक्षरे हवी आहेत (पाय म्हणजे रेघांच्या टोकांना असलेल्या आडव्या पट्ट्या). तसा एक मोफत फाँट तुम्ही उतरवून घेतला आणि संगणकाच्या पडद्यावर तो देखणाही दिसला. मात्र पिशवीला अडकवायच्या चिठ्ठीवर छापल्यावर मजकुराचा काळा गोळा झाला, चामड्यावर ठसा उठवल्यावर अक्षरांच्या पोटातली जागा बुजली, आणि फलकाच्या आराखड्यात शेजारी ठेवलेले मराठी नाव अगदीच अशक्त वाटू लागले. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: याहून चांगला फाँट कोणता, मोफत फाँट धंद्यासाठी वापरलेला चालतो का, आणि अक्षरे जुनाट दिसावीत म्हणून त्यांना झिजल्यासारखे रूप द्यावे का.

तिन्हींची उत्तरे पुढे देतो. पण फाँट बदलल्याने तुमच्या तीन तक्रारींपैकी एकही पुरती मिटणार नाही, असे मला वाटते. रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवण्यासाठी जे वळण (अक्षरांची घडण) घडवले गेले, त्याच्याकडूनच तुम्ही चिठ्ठीवरची बारीक माहिती, चामड्यातला ठसा आणि दुसऱ्या लिपीची सोबत ही कामेही करून घेऊ पाहत आहात. दवंडी पिटणाऱ्याला कानगोष्ट सांगायला बसवावे, तसा हा प्रकार झाला आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही आधीच मान्य करतो. दुकानासमोरचा रस्ता किती रुंद आहे, नावात नेमकी कोणती अक्षरे आहेत, ठसा पितळेचा आहे की लेझरने जाळून काढलेला, आणि दुकानाचा दर्शनी भाग किती उंच आहे, यांनुसार आकडे बदलतील. गेली बावीस वर्षे मी पुण्यात नामफलक आणि वेष्टने यांच्या अक्षरांचे काम करतो, त्याआधी दोन वर्षे एका ट्रेडल (पायाने चालवायच्या यंत्राच्या) छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवत होतो. पुढची मते त्या अनुभवातून आलेली आहेत.

या अक्षरांचे पाय असे जाड का झाले, हे समजून घेतले की त्यांचा उपयोग कुठे करावा हे निम्मे कळते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये छपाईचे नवे काम आले: नाटकांची भित्तिपत्रके, सोडतीच्या जाहिराती, लिलावाच्या नोटिसा. पुस्तकासाठी घडवलेली नाजूक अक्षरे भिंतीवर टिकेनात. आधी जाड उभ्या दंडांची आणि केसाएवढ्या बारीक आडव्या रेघांची 'फॅट फेस' अक्षरे आली. ती काळीभोर दिसत, पण लांबून पाहिले की बारीक रेघा नाहीशा होत आणि घाईच्या छपाईत त्या तुटतही. त्यावर उपाय म्हणून बारीक रेघच काढून टाकली गेली आणि तिच्या जागी दंडाइतकीच भरीव पट्टी आली. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५ च्या सुमारास असे वळण 'अँटिक' या नावाने दाखवले. रॉबर्ट थॉर्न यांच्या ओतशाळेतले तशाच धाटणीचे वळण त्यांच्या मृत्यूनंतर विल्यम थॉरोगुड यांनी १८२१ मध्ये 'इजिप्शियन' या नावाने बाजारात आणले. या नावाचा इजिप्तच्या लिपीशी काही संबंध नाही. नेपोलियनच्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचे जे वेड पसरले होते, त्याची ती हवा होती. गंमत म्हणजे १८१६ मध्ये विल्यम कॅझलन चौथे यांनी ओतलेल्या, मुळीच पाय नसलेल्या अक्षरांनाही 'इजिप्शियन' हेच नाव होते. बाजारातील नावांवर जाऊ नका, अक्षर पाहा, हे तेव्हाही खरे होते आणि फाँटच्या संकेतस्थळांवर आजही खरे आहे.

तुम्हाला जे 'अमेरिकी' रूप हवे आहे, त्याचे मूळ मात्र लाकडात आहे. शिशाचे मोठे खिळे जड आणि महाग असत, आणि ओतल्यावर थंड होताना त्यांचा पृष्ठभाग सपाट राहत नसे. न्यू यॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये फिरत्या पात्याच्या यंत्राने लाकडी अक्षरे कापण्याची पद्धत काढली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे नमुनापुस्तक प्रसिद्ध केले; १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्या यंत्राला पँटोग्राफची, म्हणजे आकृती गिरवून ती लहान-मोठी उतरवणाऱ्या साधनाची, जोड दिली. त्यामुळे एका मूळ आकृतीवरून तेच अक्षर रुंद, अरुंद, लहान, मोठे असे हवे तसे कापता येऊ लागले, आणि हातभर उंचीची अक्षरे गावोगावच्या छापखान्यांना परवडू लागली. फिरते पाते आतला कोपरा काटकोनात कापू शकत नाही, तो शेवटी हाताने साफ करावा लागतो. लाकडात केसाएवढी रेघ दाबाखाली टिकत नाही. भरीव पायांचे वळण या साधनाला आणि या मालाला सोयीचे होते, म्हणून ते तिथे फोफावले. खिळ्यांची मोठी मापे तेव्हा 'लाइन'मध्ये सांगत, आणि एक लाइन म्हणजे बारा पॉइंट. थॉर्न यांचे गाजलेले वळण सहा लाइनचे होते, म्हणजे बहात्तर पॉइंट, जवळजवळ एक इंच. म्हणजे ते घडवणाऱ्याच्या मनात कामाची सुरुवातच एक इंचापासून होती. तुम्ही ते चिठ्ठीवर आठ पॉइंटला छापले.

आता निवडीकडे वळू. जाड पायांच्या अक्षरांना बाजारात 'स्लॅब' म्हणतात; 'जाड, जुन्या ढंगाचे स्लॅब' या एका नावाखाली चार निरनिराळी कुळे विकली जातात आणि त्यांचा स्वभाव वेगळा आहे. पहिले कूळ इजिप्शियनचे: दंड आणि पाय जवळजवळ सारख्या जाडीचे, दोघांचा सांधा सरळ काटकोनात. दुसरे क्लॅरेंडनचे. रॉबर्ट बेझ्ली यांच्या ओतशाळेने ते १८४५ मध्ये काढले आणि नव्या कायद्याखाली नोंदवून तीन वर्षांचे संरक्षणही मिळवले. मुदत संपताच इतरांनी त्याच्या नकला केल्या. यात पाय दंडाला गोलाईने मिळतात आणि जाड-बारीक असा थोडा फरक असतो, त्यामुळे ते भारदस्त असूनही रागावलेले दिसत नाही. तिसरे म्हणजे ज्यात पाय दंडांपेक्षाही जाड असतात ते 'फ्रेंच क्लॅरेंडन', चित्रपटांतल्या काउबॉयच्या गावात, दारूच्या गुत्त्यावर आणि फरारी दरोडेखोराच्या इनामपत्रकावर हटकून दिसणारे. चौथे विसाव्या शतकातले, कंपास-पट्टीने आखल्यासारखे: १९२९ चे मेंफिस, त्यापाठोपाठ बेटॉन आणि स्टायमी, १९३४ चे रॉकवेल. ही चौथी मंडळी 'जुनी' वाटतात, पण त्यांचा जुनेपणा कारखान्याचा आणि टंकलेखन यंत्राच्या काळाचा आहे, घोडागाडीच्या काळाचा नव्हे.

चामड्याच्या हातकामासाठी मी क्लॅरेंडनच्या कुळाकडे झुकेन. कारण असे की पाय आणि दंड जिथे गोलाईने मिळतात तिथे ठशाचा दाब एकदम तुटत नाही, आणि शिवणीच्या, घडीच्या वळणांशी त्या गोलाईचे नाते डोळ्याला जाणवते. फ्रेंच क्लॅरेंडन टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. ते लावले की दुकानाला नाटकाच्या नेपथ्याची कळा येते, आणि कोल्हापूरच्या चामड्याला स्वतःची इतकी मोठी परंपरा असताना टेक्सासचा मुखवटा चढवण्याची गरज नाही. सहज मिळणाऱ्या मुक्त फाँटमध्ये चंक फाइव्ह हे २००९ मध्ये मेरेडिथ मँडेल यांनी काढलेले अतिजाड वळण आहे आणि ते अमेरिकी लाकडी अक्षरांची आठवण मुद्दाम जागवते. अल्फा स्लॅब वन हे थॉर्न यांच्या सहा लाइनच्या इजिप्शियनवरून स्फुरलेले आहे. बेव्हन हे व्हर्नन ॲडम्स यांनी बेटॉनवरून नव्याने रेखाटले. ही तिन्ही वळणे चांगली आहेत, मात्र अल्फा स्लॅब वन इजिप्शियनच्या आणि बेव्हन चौथ्या कुळाकडचे आहे, हे लक्षात ठेवा.

या तिघांतून एक निवडताना नमुन्याचे वाक्य पाहू नका, तुमचे नाव पाहा. जाड वळणाची परीक्षा 'एस', 'जी', 'आर' आणि लहान 'ए', 'ई' या अक्षरांत होते, कारण भरपूर काळे आणि थोडीशी पांढरी जागा यांचा मेळ तिथेच अवघड असतो. 'आर'चा पाय शेजारच्या अक्षरावर चढतो का, 'एस' पुढे झुकल्यासारखा वाटतो का, हे बघा. आणखी एक खूण सांगतो. आडवी पट्टी आणि उभा दंड मापाने अगदी सारखे ठेवले तर डोळ्याला आडवी पट्टी जास्त जाड दिसते. म्हणून जाणकार रेखाटनकार पाय किंचित पातळ ठेवतो. ज्या फाँटमध्ये दोन्ही मापे तंतोतंत सारखी आहेत, तो बहुधा घाईत केलेला असतो.

अक्षरांमधले अंतर हा पुढचा मुद्दा, आणि घरच्या घरी केलेल्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष याकडेच होते. मोठ्या आकारात या अक्षरांचे पाय एकमेकांना जवळजवळ टेकले पाहिजेत, म्हणजे ओळ एकसंध दिसते. फाँटमधले मूळ अंतर पुष्कळदा मध्यम आकारासाठी ठरवलेले असल्याने फलकावर ते सैल वाटते. मी अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आणि दोन अक्षरांमधली पांढरी जागा डोळे बारीक करून तोलतो. 'एल' आणि 'टी', 'ए' आणि 'व्ही' अशा जोड्या हाताने सरकवाव्या लागतात. छापखान्यात लाकडी अक्षरांच्या कडा करवतीने कापून त्यांना जवळ आणत असत. तुम्हाला माउसने तेच करायचे आहे.

फलकाच्या उंचीसाठी आमच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब आहे: दर दहा फूट अंतरामागे अक्षराची उंची एक इंच. समोरच्या फुटपाथपासून तुमचे दुकान चाळीस फुटांवर असेल तर चार इंच हा किमान आकडा झाला. जाड स्लॅबच्या बाबतीत मी तो दुप्पट करतो, कारण पोटातली पांढरी जागा कमी असल्याने अशी अक्षरे लांबून बंद होतात. म्हणजे आठ इंच. अक्षरे ॲक्रिलिक किंवा धातूची कापून मागून दिवे लावणार असाल तर त्याहून थोडा हलका जाडपणा निवडा, कारण रात्री उजेड कडेने पसरतो आणि अक्षर आणखी लठ्ठ होते. मी स्वतः ही चूक एका बेकरीच्या फलकावर केली होती. दिवसा सुरेख दिसणारे नाव रात्री उजळलेल्या पावांच्या रांगेसारखे दिसू लागले, आणि सगळी अक्षरे माझ्या खर्चाने पुन्हा कापून द्यावी लागली.

चिठ्ठीचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. तिच्यावरचे नाव जाड स्लॅबमध्ये ठेवा, बाकी सगळे काढून घ्या. चामड्याचा प्रकार, निगा कशी राखावी, पत्ता, किंमत हा मजकूर साध्या वजनाच्या, म्हणजे मध्यम जाडीच्या रेघांच्या, वळणात द्या. रोमनसाठी रोबोटो स्लॅब किंवा झिला स्लॅबचे नेहमीचे वजन चालेल, आणि मराठी मजकूर सोबत असेल तर दोन्ही लिपी असलेला मुक्तासारखा फाँट घेतलात तर आणखी बरे. तुम्ही चिठ्ठीसाठी क्राफ्ट कागद वापरता. तो शाई शोषतो आणि रेघ दोन्ही बाजूंनी थोडी फुगते. त्यामुळे पडद्यावर दिसते त्यापेक्षा एक पायरी हलके वजन निवडणे शहाणपणाचे ठरते.

ठशाची गोष्ट वेगळी आहे. चामडे कागदासारखे सपाट नाही. दाबल्यावर ते कडेने वर येते आणि अक्षराच्या पोटातली अरुंद जागा भरून टाकते. माझ्या अनुभवात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अरुंद पांढरी जागा वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेल्या मऊ चामड्यात टिकत नाही, आणि तीन मिलिमीटर उंचीच्या अतिजाड 'ए'च्या पोटात तेवढी जागा असणे शक्यच नाही. उपाय दोन आहेत. एक तर संपूर्ण नावाऐवजी एकच अक्षर किंवा आद्याक्षरांची जोडी दहा-बारा मिलिमीटर उंच घ्यावी, जिथे हे वळण खुलून दिसते. नाहीतर ठशासाठी त्याच कुळातले हलके वजन घ्यावे, अंतर नेहमीपेक्षा सैल ठेवावे आणि आतले कोपरे ठसा कापणाऱ्याला थोडे खोल खणायला सांगावेत. पितळी ठसा कापण्याआधी त्याच चामड्याच्या तुकड्यावर लेझरने एक नमुना जाळून पाहिला तर पैसे वाचतात, जरी दाब आणि जाळणे यांचा परिणाम अगदी एकसारखा नसला तरी.

इथवरचे थोडक्यात: नाव आणि फलक यांसाठी क्लॅरेंडनच्या कुळातले एक जाड वळण, बारीक मजकुरासाठी एक शांत वळण, आणि ठशासाठी पहिल्याचीच हलकी किंवा मोठी आवृत्ती.

आता मराठी नावाकडे येतो, कारण तुमच्या फलकाचा खरा कस तिथे लागणार आहे, आणि ते नाव नंतर बघू म्हणून टाळता येणारे नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नामफलकावर मराठी नाव देवनागरीत आणि सुरुवातीला असले पाहिजे, व त्याची अक्षरे इतर कोणत्याही भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. म्हणून मी उलट्या क्रमाने काम करायला सुचवतो: आधी देवनागरी नाव बसवा, मग त्याला जुळणारे रोमन शोधा.

तुम्ही नाव कळवलेले नाही, म्हणून उदाहरणापुरता 'चर्मशिल्प' हा शब्द धरतो. पहिला मोह असा होतो की रोमन अक्षरांना पाय आहेत, तर देवनागरीलाही पाय लावावेत. काना आणि उभे दंड यांच्या तळाशी चौकोनी पट्ट्या जोडलेली अशी नावे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि ती लंगडी दिसतात. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला टांगलेले असते. त्याचा आधार डोक्यावर आहे, तळाशी नाही. स्लॅबची पट्टी रोमन ओळीला जमिनीशी बांधते, आपल्याकडे तेच काम शिरोरेघ वरून करते. म्हणजे जुळवायचे ते पाय नव्हेत. जुळवायची ती एकूण काळेपणाची मात्रा, आडव्या-उभ्या जाडीचे नाते आणि रेघांची टोके कशी कापली आहेत ते. इजिप्शियन घेतले असेल तर ज्याची शिरोरेघ आणि काना जवळपास सारख्या जाडीचे आहेत आणि टोके चौकोनी आहेत असे देवनागरी शोधा. क्लॅरेंडन घेतले असेल तर थोडा जाड-बारीक फरक असलेले.

या कसोटीवर सहज मिळणारे फाँट लावून पाहू. वैभव सिंग यांचे एग्झार हे देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेले वळण आहे आणि त्याचे सर्वांत जाड वजन क्लॅरेंडनच्या शेजारी माझ्या मते सर्वांत चांगले उभे राहते, कारण त्याच्या वळणांत कापल्यासारखा जोर आहे. मुक्ताचे अतिजाड वजन इजिप्शियनशी जुळते, थोडे सोज्वळ वाटते इतकेच. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचे बालू गोड आहे, पण त्याचे कोपरे गोल आहेत आणि चौकोनी पायांशेजारी ते मऊ पडते. त्यांचेच मोदक वजनाला भारी आहे, मात्र त्याच्या पोटातली जागा केवळ चिरेएवढी असल्याने तुमच्या ठशात ती टिकणार नाही. रोझा वन पुष्कळ जण स्लॅबसोबत लावतात, कारण ते 'जुने आणि जाड' दिसते. पण त्याच्या बारीक रेघा फारच बारीक आहेत, ते फॅट फेसच्या घराण्यातले आहे, आणि स्लॅबशेजारी ठेवले की दोन वेगळ्या काळांतली माणसे एका फोटोत उभी केल्यासारखे होते.

'चर्मशिल्प' या शब्दात अडचणी कुठे येतील, ते पाहा. रफार आणि वेलांटी शिरोरेघेच्या वर जातात, त्यामुळे केवळ रेघेपासून तळापर्यंतचे माप धरून फलक आखला तर वरचा भाग चौकटीला घासतो. रोमन मोठ्या अक्षरांना असे वरखाली काही नसते. मी शिरोरेघेपासून तळापर्यंतची उंची रोमन मोठ्या अक्षरांइतकी धरतो. आठ इंच रोमन असेल तर आठ इंच देवनागरी, त्यावर साधारण तीन इंच रफार-मात्रांसाठी आणि उकार असलेल्या नावात खालीही तितकेच. संगणकात दोन्हींना एकच पॉइंट दिला म्हणून दोन्ही सारखी दिसत नाहीत. देवनागरी जवळजवळ नेहमी लहान दिसते, आणि तुमचे मराठी नाव अशक्त वाटण्याचे पहिले कारण बहुधा तेच आहे.

याच शब्दात 'श' आणि 'ल' दोन्ही आहेत. मराठीत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' लिहिण्याची रीत आहे, आणि राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तीच रूपे दिलेली आहेत. देवनागरीचे अनेक फाँट मात्र न सांगता हिंदीकडची रूपे समोर ठेवतात. चांगल्या फाँटमध्ये मराठी रूपे आत दडलेली असतात. मजकुराची भाषा मराठी निवडली, किंवा अक्षररूपांच्या तक्त्यातून ती हाताने उचलली, की मिळतात. फलक बनवणाऱ्याला फाइल देण्याआधी नाव अक्षररेषांत (आउटलाइनमध्ये) रूपांतरित करून द्या. नाहीतर त्याच्या संगणकावर पुन्हा हिंदी 'ल' उगवतो. आणि एक कळकळीची विनंती: रोमन ओळीला दिलेले सैल अंतर मराठी ओळीला देऊ नका. शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

बाजारातील कोणतेच देवनागरी मनासारखे जुळले नाही, तर एखाद्या अक्षरकाराकडून केवळ तुमचे नाव रेखाटून घेणे हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. पाच-सहा अक्षरांसाठी संपूर्ण फाँट लागत नाही. कोल्हापुरात रंगवलेल्या फलकांची परंपरा आहे. जुना हात असलेला पेंटर सापडला तर त्याला रोमन वळण दाखवा आणि 'याच्या वजनाचे मराठी काढा' एवढेच सांगा, पाय लावायला सांगू नका.

परवान्याबद्दल. चंक फाइव्ह, अल्फा स्लॅब वन, बेव्हन, एग्झार, मुक्ता ही वळणे एसआयएल या संस्थेच्या मुक्त फाँट परवान्याखाली उपलब्ध आहेत. या परवान्यात धंद्यासाठी वापर, बोधचिन्ह, छपाई, संकेतस्थळ या सर्वांना मुभा आहे. केवळ फाँटची फाइल स्वतंत्र माल म्हणून विकता येत नाही. मात्र 'मोफत' या शब्दाखाली दुसराही एक प्रकार फिरतो: 'वैयक्तिक वापरासाठी मोफत'. तो दुकानाला चालत नाही. तुम्ही उतरवलेल्या फाइलसोबत परवान्याचा मजकूर आहे का, तो उघडून वाचा. मजकूरच नसेल तर तो फाँट वापरू नका.

त्याच वेळी रुपयाचे चिन्हही तपासा. ते चिन्ह भारताने जुलै २०१० मध्ये स्वीकारले, त्यामुळे त्याआधी रेखाटलेल्या आणि नंतर न सुधारलेल्या फाँटमध्ये ते असूच शकत नाही. संगणक तक्रार करत नाही. तो गुपचूप दुसऱ्याच फाँटमधले चिन्ह आणून बसवतो. एका कॅफेच्या दरपत्रकात लठ्ठ आकड्यांच्या आधी काडीसारखी रुपयाची चिन्हे छापून आली, तेव्हा हे मला कळले.

शेवटी झिजलेल्या रूपाबद्दल, आणि इथे मी जरा हट्टी आहे. नको. तयार 'झिजलेल्या' फाँटमध्ये प्रत्येक 'ई'वर तोच ओरखडा त्याच जागी असतो; एकाच नावात तो दोनदा आला की बनाव उघडा पडतो. खऱ्या छपाईत झीज निरनिराळ्या कारणांनी येत असे. टाइपची, म्हणजे खिळ्याची, ठरलेली उंची अमेरिकेत ०.९१८ इंच होती, आणि वापरून झिजलेले लाकडी अक्षर त्यापेक्षा केसभर बुटके झाले की त्याच्यावर शाई कमी लागे. आम्ही खाली कागदाच्या पट्ट्या सारून ते वर उचलत असू. म्हणजे ज्या फिकट ठिपक्यांवर आज पैसे खर्च होतात, ते घालवण्यात छापखान्यातल्या माणसांची दुपार जात असे. जुने दिसणारे काम हवे असेल तर मालच खरा वापरा. क्राफ्ट कागदाच्या पिशवीवर रबरी शिक्का हाताने उमटवा, प्रत्येक ठसा आपोआप वेगळा येईल. चामड्यावरचा ठसा तर गिऱ्हाईक वापरेल तसा दरवर्षी मुरत जाईल.

प्रत्यक्ष कामाला लागताना फलकाच्या खऱ्या मापात नाव साध्या कागदांवर तुकड्यातुकड्यांनी छापून घ्या, चिकटपट्टीने जोडा आणि दुकानावर टांगून समोरच्या फुटपाथवरून, एकदा भर दुपारी आणि एकदा दिवेलागणीनंतर पाहा. रोमन आणि मराठी यांपैकी कोणते आधी वाचले जाते, ते तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी विचारा. रोमन आधी वाचले गेले, तर मराठीचे वजन एक पायरी वाढवा किंवा रोमनचे एक पायरी उतरवा, आणि कागद पुन्हा टांगा. माझ्याकडे ही फेरी सहसा तीनदा होते.